पाण्याची रेघ

पडद्यावर सोळावी स्लाइड आली तेव्हा मी भिंतीला टेकून लाल रंग जरा जास्त दिसतोय का, याचा विचार करत होते. रुग्णालयाच्या जळीत विभागात माझी बदली होऊन तीनच आठवडे झाले होते. त्याआधीची चार वर्षं मी डोळ्यांच्या विभागात फोटो काढले. तिथे बुबुळामागचा नारंगी गोल दिवसभर टिपायचा, आणि रंग जरा चुकला तरी डॉक्टर बोलावून घेत. इथल्या विभागप्रमुख मॅडमना रंगाचं फारसं पडलेलं नव्हतं. "मला कडा नीट दे," एवढंच त्या पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या. जखमेशेजारी मोजपट्टी, मागे उजेड जुळवायचं राखाडी कार्ड, एक फोटो लांबून, एक जवळून, चेहरा कधीच नाही. नव्या सहा डॉक्टरांना त्या शिकवत होत्या आणि स्लाइड पुढे सरकवायचं काम माझ्याकडे होतं. सोळावीवर एका लहान मुलाचा हात होता. माझ्या आधीच्या छायाचित्रकाराने काढलेला, बराच जुना. मॅडम म्हणाल्या, सांडलेलं पाणी उतारावरून वाहत जातं आणि वाहता वाहता थंड होतं, म्हणून जखम खाली निमुळती होत जाते, आजूबाजूला थेंबांचे डाग असतात. इथे थेंब कुठे आहेत, त्यांनी विचारलं. मग त्यांनी मनगटाच्या वरची कड काठीने दाखवली. सरळ, हातमोजा घालावा तशी सगळीकडून सारखी. साडेतीन वर्षांचं मूल उकळत्या पाण्यात हात घालून असं स्थिर उभं राहील का, हा त्यांचा पुढचा प्रश्न. पुढच्या रांगेतला एक जण म्हणाला, नाही राहणार. "म्हणजे कुणीतरी धरलं होतं," मॅडम म्हणाल्या, औषधाची मात्रा सांगावी त्याच आवाजात. "आता तळवा बघा. तळव्याला काहीही नाही. कारण मूठ आवळलेली होती. काहीतरी घ्यायला गेलेल्या मुलाचा हात उघडा असतो."

मी सतरावी स्लाइड पुढे सरकवली नाही. त्यांनी दोनदा मान वळवली तेव्हा माझ्या लक्षात आलं. माझा उजवा हात टेबलाखाली मी उलटा केला होता आणि तळव्याकडे पाहत होते. माझा तळवा साधा आहे, त्यावर सगळ्या रेषा आहेत. पाठीमागून मात्र, बोटांच्या पेरांपासून मनगटाच्या वर दोन बोटांपर्यंत, कातडी चकाकते, ताणलेली असते, थंडीत फिकट पडते. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पूर्ण सरळ होत नाहीत. आणि जिथे ती चकाकी संपते तिथे रेघ आहे. शाळेत मला काही मुली 'हातमोजा' म्हणायच्या. पंचवीस वर्षं ती रेघ मी साबणाने धुतली होती, तिच्यावर घड्याळ बांधलं होतं, बाहीखाली लपवली होती आणि पुढे लपवायची सोडली होती. ती सरळ आहे हे मला माहीत होतं. सरळ का आहे, हे मी कधी विचारलं नव्हतं. आणि आमच्या घरात माझं नावच 'चौकशी' होतं, स्टेशनवरच्या चौकशीच्या खिडकीवरून पडलेलं, कारण मी सारखी काहीतरी विचारत असे.

आमच्या घरात या हाताची एक गोष्ट होती. ती बाबांची गोष्ट. पाहुणे आले, चहा झाला, बोलणं जरा मंदावलं की बाबा सुरू करत. आमच्या चौकशीला दूध उतू जातं म्हणजे नेमकं काय होतं ते समजून घ्यायचं होतं. ऐकून घ्यायला ती तयार नव्हती, तिला प्रयोग करायचा होता. मग बाबा दुधाचं वर येणं हाताने दाखवत, हळूहळू, आणि शेवटी म्हणत, "आणि हा पुरावा." त्या शब्दावर मी हात पुढे करायचा असे. मी करत असे. लोक आधी हळहळत आणि मग हसत, आणि कुणीतरी हमखास म्हणे की ही मोठेपणी शास्त्रज्ञ होणार. मी पाच वर्षांची असल्यापासून हे ऐकलं. मी विज्ञानाला गेले तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. भौतिकशास्त्रात पदवी घेतली, पुढे वैद्यकीय छायाचित्रणाचा अभ्यासक्रम केला. या नोकरीच्या मुलाखतीत तिघांच्या समितीने विचारलं की याच क्षेत्रात का यायचं आहे, तेव्हा मी बाबांचीच गोष्ट सांगितली, बाबांसारखीच थांबत थांबत, आणि शेवटी हात पुढे केला. ते हसले. नोकरी मला त्या हसण्यावर मिळाली असं नाही, पण हसल्यावर खोलीतली हवा बदलली होती आणि ते मला कळलं होतं.

आणि मला ते आठवतंही. हे मी स्वतःला त्या दुपारी पुन्हा पुन्हा सांगत होते, जिन्यात उभी राहून, कारण जेवणघरात सगळे होते. मला पांढरा फेस आठवतो, पातेल्याच्या काठापर्यंत चढणारा, मधोमध खळगा पडलेला. खालची निळी ज्योत आठवते. माझा छोटा हात पुढे जाताना दिसतो. इतकं स्पष्ट की फोटो काढता आला असता. मग मी तो फोटो कुठून काढला असता याचा विचार केला, कारण माझं कामच ते आहे, कॅमेरा कुठे होता ते पाहणं. साडेतीन वर्षांची मुलगी असते साधारण पंचाण्णव सेंटिमीटर. तिचे डोळे त्याहून दहा सेंटिमीटर खाली. ओटा पंच्याऐंशीचा, त्यावर शेगडी, शेगडीवर पातेलं. काठ झाला एकशे पंधराच्या आसपास. फेसातला खळगा मला वरून दिसत होता. वरून बघणारी व्यक्ती मोठी असते. मी तेव्हा त्या पातेल्याचं बूड पाहू शकले असते, फार तर बाहेरची बाजू. पातेलं मी ओढलं असतं तर दूध छातीवर, खांद्यावर, तोंडावर आलं असतं. वरून हात बुडवायला मला स्टुलावर चढावं लागलं असतं आणि स्टूल बाबांच्या गोष्टीत कधीच नव्हतं. तीन ओळींचं गणित. असली गणितं मी परीक्षेत कंटाळून सोडवली होती. माझी सगळ्यात जुनी आठवण मला बाबांनी हाताने करून दाखवलेली होती, आणि मी तिच्यात नंतर ज्योतीचा रंग भरला होता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी फोटोच्या खोलीचं दार ओढून घेतलं. कॅमेरा स्टँडवर लावला, राखाडी कार्ड ठेवलं, मोजपट्टी ठेवली आणि तिच्याशेजारी स्वतःचा हात. डाव्या हाताने बटण दाबायला अवघड जात होतं. आधी हात उघडा, पाठ वर. मग तळवा वर. मग मूठ आवळून. फोटो साठवताना संगणक रुग्णाचा क्रमांक मागतो, त्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. माझ्याकडे क्रमांक नव्हता. मी कर्मचारी क्रमांक टाकला आणि त्याने तो निमूट घेतला. पडद्यावर मूठ मोठी करून पाहिली. आवळल्यावर सगळं जुळून येत होतं. बोटांच्या पेरांमधले साध्या कातडीचे पट्टे एकमेकांत बसत होते, तळवा आत लपत होता, अंगठ्याची आतली बाजू आत जात होती. उघड्या हातावर जे विचित्र ठिपके वाटायचे त्यांची एक सलग बाहेरची बाजू झाली. हा हात बंद असताना भाजला होता. त्यात काही घ्यायचं नव्हतं, काही बघायचं नव्हतं. मी खुर्ची मागे सरकवली तेव्हा मॅडम दारात उभ्या होत्या. त्या पडद्याकडे बघत आत आल्या, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि वय विचारलं. तीन-साडेतीन, मी म्हणाले. पातळी अंगठ्याकडून किंचित उतरते आहे, त्या म्हणाल्या, म्हणजे धरणारं माणूस मागून वाकलेलं असावं, समोरून नाही. किती जुनं आहे? पंचवीस वर्षं, मी सांगितलं. मग त्यांनी पडद्यावरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं. नवल वाटल्यासारखं त्यांच्या चेहऱ्यावर काही आलं नाही, आणि तेवढ्यावरून मला कळलं. तुम्हाला माहीत होतं का, मी विचारलं. त्या म्हणाल्या, तू रुजू झालीस त्या दिवशी सही करताना पाहिलं. मग बोलला का नाहीत? "तू विचारलं नव्हतंस," त्या म्हणाल्या. थोडं थांबून त्यांनी मी जेवले का ते विचारलं. मी हो म्हणाले. खोटं होतं, पण त्या दोन दिवसांत मला खोटं बोलणं फार सोपं वाटायला लागलं होतं.

घरी आम्ही तिघी मोठ्या बायका होतो, आई, मावशी आणि मी, आणि मग धाकटी बहीण. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती आणि तिची पहाटेची ड्यूटी असे. मावशी तिची मोठी बहीण, लग्न न केलेली. मी लहान असताना ती आमच्याकडेच राहायची, धाकटी शाळेत जायला लागल्यावर तिने वेगळी खोली घेतली. मला आईपेक्षा मावशी जास्त कळते असं मी कित्येक वर्षं म्हणत आले. हाताला मलम लावायची ती. ते मला खरंच आठवतं, आणि ते कुणी सांगितलेलं नाही, कारण त्यात बघण्यासारखं काही नाही, फक्त स्पर्श आहे. तिचा अंगठा माझ्या पेरापेरावरून गोल फिरायचा, सकाळ-संध्याकाळ, वर्ष दीड वर्ष, आणि बोटं आखडू नयेत म्हणून ती एकेक बोट मागे वाकवून पुटपुटत वीस मोजायची. करंगळी सरळ झाली नाही तेव्हा ती रडली होती. मी तिला समजावलं होतं. ती मला चौकशी कधी म्हणाली नाही, बाळ म्हणायची. आणि बाबा गोष्ट सुरू करत तेव्हा ती उठून पाणी आणायला जायची. प्रत्येक वेळी. हे मला त्याच संध्याकाळी, शुक्रवारी, बसथांब्यावर उभी असताना दिसलं, आणि तरीही मला वाटत होतं की ते आईने केलं असणार. मला ते आईने केलेलं हवं होतं. आईवर रागवायची मला सवय होती.

शनिवारी दुपारी आईकडे गेले. मला थांबता येत नव्हतं याचं कारण वेगळंच होतं. धाकटीची मुलगी, ठमी, अडीच वर्षांची. धाकटी सोमवारी नव्या नोकरीवर रुजू होणार होती आणि ठमीला सांभाळायला रोज सकाळी मावशी जाणार होती. हे आईनेच ठरवलं होतं, महिनाभर फोन करकरून. मावशीलाही बरं, ठमीलाही बरं, पाळणाघरात परक्या बायकांच्या हाती द्यायचं कशाला. मी पण म्हणाले होते की उत्तम. आई पलंगावर ठमीचे कपडे घड्या घालून पिशवीत भरत होती, धाकटीच्या लहानपणचेच काही जपून ठेवलेले. मी सरळ विचारलं नाही. मी विचारलं, आपल्या जुन्या घरातला ओटा किती उंच होता. ती म्हणाली, तुझं आपलं काहीतरीच, ओट्याची उंची कुणाला आठवते. मी म्हणाले, तुझ्या कंबरेपर्यंत यायचा का. ती म्हणाली, जरा वर. मग मी माझी मूठ आवळून तिच्यासमोर त्या घड्यांवर ठेवली आणि बोटाने रेघ दाखवली. तिने मुठीकडे पाहिलं आणि हातातलं छोटं झबलं माझ्या हातावर पांघरलं, पाहुणे आल्यावर पसाऱ्यावर चादर टाकावी तसं.

"कुणी सांगितलं?" तिने विचारलं.

काय सांगितलं, असं तिने विचारलं असतं तर अजून काही उरलं असतं. दोन दिवस मी जे मोजत होते ते त्या एका शब्दाने पक्कं केलं. मग ती म्हणाली की ती ड्यूटीवर होती. हे तिचं दुसरं वाक्य. त्यानंतर ती बरंच बोलली, घड्या घालत, आणि मी सगळं ऐकलं, कारण ती थांबली असती तर पुन्हा सुरू झाली नसती. सकाळची आंघोळ होती. तापवलेलं पाणी मावशीने बादलीत ओतलं होतं, गार पाणी अजून मिसळायचं होतं. हात लावू नकोस, गरम आहे, असं तिने मला सांगितलं. मी विचारलं, किती गरम? फार गरम. फार म्हणजे किती? पोळेल एवढं. पोळतं म्हणजे काय होतं? "तुला ठाऊक आहे तू कशी विचारायचीस," आई म्हणाली. "ताई रात्रभर जागी होती, तुला ताप येऊन गेलेला, तूही झोपली नव्हतीस. ती म्हणाली, थांब, दाखवते." आईने दोन्ही हातांनी घडी दाबली. मग मावशीच मला उचलून धावत दवाखान्यात घेऊन गेली, पायात चप्पलसुद्धा नव्हती. आई थेट ड्यूटीवरून तिथे पोचली. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं आणि तिच्या तोंडातून निघून गेलं, दूध. तिला आठवा महिना होता, धाकटी पोटात. मावशी घर सोडून गेली असती तर आईची नोकरी गेली असती. आणि आईला लहानपणी मावशीनेच वाढवलं होतं, स्वतःचं सगळं बाजूला ठेवून. बाबांना काय सांगायचं? बाबांनाही दूधच सांगितलं. त्यांनी त्याची गोष्ट केली. ते मरेपर्यंत खऱ्या मनाने ती सांगत राहिले, आणि आई तिथेच बसलेली असे, कपबशा गोळा करत. "आणि तुला ती आवडायची," आई म्हणाली. "तू आपण होऊन हात पुढे करायचीस. मग मी काय बोलणार?"

मला राग यायला हवा होता आणि त्याऐवजी एक फार बारीक, कोरडं कुतूहल आलं. मी विचारत होते, हे खरं होतं तर. गोष्टीतला तेवढा भाग खरा होता. फक्त उत्तर त्यांनी बदललं होतं, आणि मी त्या बदललेल्या उत्तरावर शाळा, पदवी, नोकरी, माझा सगळा स्वभाव उभा केला होता. हिला हात घालून बघायची खोड आहे, असं ऐकत मी वाढले. हिने फक्त विचारलं होतं. मी आईला म्हणाले, आणि ठमी? ती चटकन म्हणाली, ताई आता तशी राहिलेली नाही, वय झालं, त्यानंतर तिने कुणावर हात उगारला नाही, धाकटीला तिनेच वाढवलं ना, झालं का काही. ठमीही विचारते आई, मी म्हणाले. दिवसभर विचारते. आईने पिशवीची चेन ओढली, ती मध्ये अडकली, तिने ती मागे घेऊन पुन्हा ओढली.

"मी रोज संध्याकाळी जाऊन तिचे हात बघणार होते," ती म्हणाली.

ते वाक्य माझ्याबरोबर बसमध्ये आलं, घरी आलं, आंघोळीला आलं. पंचवीस वर्षांपूर्वी ती घाबरून एक शब्द बोलली, ते मी समजून घेऊ शकत होते. मला समजून घेता येतं, तेवढं शिक्षण झालं आहे माझं. पण हे घाबरून केलेलं नव्हतं. तिने विचार केला होता. धोका किती, लक्ष कसं ठेवायचं, किती वाजता. तिच्या मनात ठमीचे हात आधीच होते, आणि तरीही तिने फोन करकरून मावशीचं ठरवलं, कारण मावशीला एकटं वाटत होतं आणि आईला ते फेडायचं होतं. माझ्या हाताने एकदा फेडलं होतं, ते पुरलं नव्हतं.

रविवारी मी धाकटीला सांगितलं. तिने आधी माझ्यावरच तोंड टाकलं. उद्या मला रुजू व्हायचंय आणि तू आज सांगतेस. दिवसभर जळलेली माणसं बघून तुला सगळीकडे तेच दिसायला लागलंय. मावशीने माझी वेणी घातली, माझा अभ्यास घेतला, मला साधा चिमटा काढलेलाही आठवत नाही. ते सगळं खरं होतं आणि मी तसं म्हणाले. ठमी आमच्या दोघींमध्ये जमिनीवर बसून भांड्यांची झाकणं जुळवत होती. धाकटीने आईला फोन लावला, विचारलं, खरं का, आणि मग काही ऐकत राहिली. ऐकण्यासारखं काही नव्हतं. पलीकडे शांतता होती आणि ती इतका वेळ टिकली की धाकटीने फोन हळूच खाली ठेवला, झोपलेल्या माणसाशेजारी ठेवावा तसा. तिने ठमीला उचलून मांडीवर घेतलं. मावशीला हे तू सांग, ती म्हणाली, मला तिच्या तोंडावर नाही म्हणता येणार नाही. म्हणून सोमवारी पावणेआठला धाकटीच्या घराचं दार मी उघडलं.

मावशी तीन जिने चढून आली होती, एक हात कठड्यावर, खांद्याला पिशवी. तिचे गुडघे वाईट आहेत. दम खाऊन तिने चपला काढल्या आणि आज तुला सुट्टी कशी, असं विचारलं. मी दारातून बाजूला झाले नाही. मी म्हणाले, मावशी, ठमीला आम्ही तुझ्यापाशी ठेवणार नाही. वाक्य मी रात्री पाठ केलं होतं आणि ते पाठ केल्यासारखंच निघालं. तिने का, असं विचारलं नाही. पिशवी खांद्यावरून घसरली, ती तिने जमिनीवर ठेवली.

"तुझ्या आईने सांगितलं?"

मी हो म्हणाले.

"सांगायचं नाही, अशी शपथ तिने मला घातली होती," मावशी म्हणाली. "मी तुझ्या बाबांना त्याच दिवशी सांगणार होते. तू मोठी झालीस तेव्हा तुला सांगणार होते. तिने सांगू दिलं नाही. आणि आता एकटीच सांगून मोकळी झाली."

तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला ओळखीचं होतं. चार दिवस आरशात तेच पाहत होते. आईचं एक सांगणं, मावशीचं एक, आणि तिसरं कुठेच नाही. कोणी कोणाला गप्प केलं, हे मला कधी कळणार नाही. पण एक गोष्ट दोघींवर अवलंबून नव्हती, ती माझ्या मनगटावर होती, आणि मी तिच्याबद्दल विचारलं. माझा हात तू धरला होतास ना. धरला होता, ती म्हणाली. किती वेळ? मला वाटलं ती म्हणेल, क्षणभर. सगळे तसंच सांगतात, मॅडम म्हणाल्या होत्या, आणि कातडी वेगळं सांगते. मावशीने दाराच्या चौकटीला हात टेकला.

"तू ओरडशील तेव्हा सोडणार होते," ती म्हणाली. "तू ओरडलीच नाहीस, बाळ. तू नुसती मान वळवून माझ्या तोंडाकडे बघत राहिलीस."

आतून धाकटीचा आवाज बंद झाला. ती ऐकत होती. मावशीने पायानेच चपला सरळ केल्या आणि पायात घालायला लागली, पण डाव्या पायाचा पट्टा अडकेना, आणि मी खाली बसून तो अडकवला, नेहमीसारखा, कारण तिला वाकवत नाही. मग तिची पिशवी घेतली आणि तिला कोपरापाशी धरून तीन जिने खाली नेलं. एकेक पायरी. खाली टॅक्सी मिळेपर्यंत उभ्या राहिलो. बसताना तिने विचारलं की गुरुवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे मी तिच्याबरोबर येणार आहे ना. मी म्हणाले, गुरुवारी येईन, पुढचं मला माहीत नाही. तिने मान हलवली. ठमीला कुणी गार पाणी देऊ नका, तिला खोकला आहे, असं ती म्हणाली, आणि टॅक्सी गेली.

वर जाताना दुसऱ्या मजल्यावर मला एक आवाज ऐकू आला. जनावराचा असावा असा, बारीक आणि लांबलचक. तो कुठून येतोय हे बघायला मी थांबले आणि तो माझ्याच तोंडातून येत होता. मला तो बंद करता येईना. मी कठडा धरला, तोंडावर हात दाबला, तो बोटांमधून येत राहिला. शेजारचं दार उघडलं आणि एक बाई बाहेर आली, केस अर्धे विंचरलेले, कंगवा केसांतच अडकलेला. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. काय झालं, तिने विचारलं, आणि दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी म्हणाले, हात भाजला. कुठला? मी उजवा पुढे केला. तिने जास्त विचारलं नाही. मला दंडाला धरून आत नेलं, स्वयंपाकघरातला नळ पूर्ण सोडला आणि माझं मनगट पकडून हात धारेखाली ठेवला. पाणी गार होतं. ती माझ्या मागे उभी होती, तिचा श्वास माझ्या कानाशी येत होता, आणि हळूहळू तिची नजर माझ्या हातावर स्थिरावली. मी अजून ओरडत होते, पण आता त्यात मधून मधून श्वास घेता येत होता.

"अगं, हे तर जुनं आहे," ती म्हणाली.

नळ तिने बंद केला नाही.